नाक तेवढं वर

'कसं काय चाललंय?' या प्रश्नावर इंग्रजीत एक ठेवणीतलं उत्तर आहे: 'कीपिंग माय हेड अबव्ह वॉटर'. म्हणजे डोकं अजून पाण्याच्या वर आहे. काठ गाठला असं नाही, बुडालो नाही इतकंच. कर्जाचे हप्ते, साचलेलं काम, मंदावलेला धंदा, अशा ठिकाणी ते शोभतं. पुढे 'जस्ट' किंवा 'बेअरली' लावला की 'जेमतेम'ची छटा येते. खाऊनपिऊन सुखी माणसाने ते वापरू नये, समोरच्याला वाटतं हा उसने मागायला आलाय.

मराठीत पाणी वाईटाच्याच बाजूने चढतं. नाकातोंडात गेलं की संकट, डोक्यावरून गेलं की सहनशक्ती संपली. (विषय डोक्यावरून गेला, तर तो नुसता कळला नाही.) तगून राहण्याला आपण 'तग धरणं' म्हणतो, त्यात पाण्याचा थेंब नाही.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मंगळुरी कौलांखाली राहणाऱ्या माझ्यासारख्याला पाणी डोक्यावर असतं ते अलंकारिक नव्हे.

छप्पर गळायला लागलं तर थेंब पडतो तिथेच भोक नसतं, हे आधी ध्यानात घ्यावं. कौलाखाली उतरलेलं पाणी रिपेवरून (कौलं ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवरून) हातभर सरकतं आणि मग नेमकं उशीवर पडतं. म्हणून उघडीप मिळाली की भर दुपारी दिवा बंद करून वर पाहावं; चांदणी चमकली की तिथे कौल सरकलंय. ओल्या, शेवाळलेल्या छपरावर चढू नये. आतूनच काठीने कौल हलकं उचलून वरच्या कौलाखाली सरकवावं, खालचा दाता रिपेत अडकला की झालं. कौल फुटलं असेल (बहुधा माकडाने, कधी नारळाने) तर पत्र्याचा तुकडा खालून सारावा. पण त्याची खालची कड खालच्या ओळीतल्या कौलाच्या वर यायला हवी. ती आत राहिली तर आपणच पाण्याला पन्हळ लावून दिली.

तोवर बादली. तळाशी जुनं फडकं घालावं, ठणठण थांबते. थेंब गळतो तिथून बादलीत सुतळी सोडावी, पाणी तिच्यावरून मुकाट उतरतं. 'अबव्ह वॉटर'ची माझी मजल इथवरच.

चवथ (आमची गणेशचतुर्थी) जवळ आली की मात्र शिडी निघते. उशी भिजली तर कूस बदलता येते, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीला ती सोय नाही.