हौस आपली, स्टेपनी शेजाऱ्याची

हौसेला मोल नसतं म्हणतात. स्टेपनीला असतं, आणि हौशी ऑफ-रोड रेसरने हा फरक ओळखूनच मैदानात उतरावं. तुम्ही एंट्री फॉर्म भरलात, दारावर नंबर चिकटवलात, टपावर लाइटची लांबलचक पट्टी बसवलीत (शर्यत दिवसाउजेडी आहे, पण ते असो), हेल्मेट घालून फोटोही काढलात. उरले टायर. ते गाडीबरोबर येतातच. खाली चार काळे गोल दिसताहेत ना? झालं तर मग. पुढचे सल्ले त्यातला एखादा फुटलाच तर उपयोगी पडावेत म्हणून. तसा तो फुटायचा नाही. टायर नेहमी दुसऱ्याचा फुटतो.

टायर घेताना नक्षी बघावी, बाकी काही बघू नये. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या नंबरात शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 असेल तर तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायरची पत्रिका कशाला काढायची? स्वस्तात मिळतोय, नक्षी खोल आहे, घेऊन टाका. रबर नखाने दबत नाही आणि खाचांच्या तळाशी केसाएवढ्या चिरा आहेत, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही म्हणजे तसं नसणारच.

चौथा टायर त्याच मापाचा मिळाला नाही तर जवळपासच्या मापाचा चालतो. गिअरबॉक्सला कुठे कळतं!

हवेचं शास्त्र अगदी सोपं आहे: कमी करा. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि गाडी रुतत नाही. म्हणून वाळूत लोक 15-18 पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) येतात. आता वाळूत चालतं ते खडकात का चालू नये? त्याच हवेवर दगडगोट्यांच्या स्टेजला, म्हणजे शर्यतीच्या टप्प्याला, भरधाव जा. दगड आणि रिम यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडते आणि दोन समांतर चिरा पडतात, त्या बघायला मोठ्या सुबक असतात. जोरात वळलात तर बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड, रिमवरून उतरेल आणि सगळी हवा एका दमात जाईल. निदान कुठून गेली हे शोधत बसावं लागणार नाही.

हवेचा दाब मोजायचं गेज बाळगू नये. बुटाची लाथ मारून आवाज ऐकावा. गेज असलंच तर टायर तापलेला असताना लावावं, हवा वाढलेली दिसेल, ती "जादा" हवा लगेच सोडून द्यावी. तापमान साधारण पाच-साडेपाच अंशांनी बदललं की दाब एखाद्या पीएसआयने बदलतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायर किती भरेल याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी.

बीडलॉक रिम, म्हणजे बीडला बोल्टच्या कड्याने आवळून धरणारी रिम, घेताना नुसती दिसायला बीडलॉकसारखी असतात ती घ्यावीत. बोल्ट कडेने छान चमकतात आणि काहीच धरत नाहीत. चुकून खरी घेतलीत, तर त्या कड्याचे दोन-अडीच डझन बोल्ट एकदा आवळून विसरून जा. टॉर्क रेंच ही कंपनीत काम करणाऱ्यांची चैन आहे.

पंक्चर काढायचं सामान मात्र जवळ हवंच, कारण त्याची पिशवी लहान असते आणि आपण तयारीत आहोत असं वाटतं. चिकट दोरीचा प्लग टायरच्या नक्षीत खिळा घुसला तर नीट बसतो. तुम्ही तो साइडवॉलच्या बोटभर चिरेत कोंबा. एक बसला नाही तर चार कोंबा. साइडवॉल चालताना सतत वाकते, त्यामुळे प्लग सरकत्या जिन्यावर बसवल्यासारखा राहतो, पण पुढच्या वळणापर्यंत तरी पोचाल. त्यानेही भागलं नाही तर आत सीलंटची बाटली रिकामी करा. चीर बुजणार नाही, पण नंतर तो टायर उघडणारा माणूस तुमची आठवण काढील.

बीड उतरलेला टायर पुन्हा चढवायला घट्ट पट्टा टायरभोवती गुंडाळून आवळावा आणि मग हवा मारावी, असं काही जुने लोक सांगतात. त्याने काम होतं, पण व्हिडिओ बनत नाही. तुम्ही आत इथर फवारून काडी लावा.

चाक चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेल्या लॉक नटची चावी घरी ठेवावी. हरवत नाही.

चाक बदलताना सगळे नट काढून वाळूवर ओळीने मांडावेत, म्हणजे आट्यांत वाळू जाते आणि परत लावताना छान करकर आवाज येतो. मग पान्यावर उभं राहून गोलाकार एकामागून एक आवळावेत. समोरासमोरचे आवळल्याने चाक सरळ बसतं वगैरे ठीक आहे, पण घाई असते. काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा तपासायचे असतात म्हणे. आवाज आला की तपासू.

आता मुख्य सल्ला. जॅक, पाना, कॉम्प्रेसर यांवर पैसा घालवू नये, कारण या वस्तू शेजाऱ्याकडे असतात. गेल्या शर्यतीत माझ्या शेजारी गाडी लावलेल्या एका गृहस्थांनी हे तत्त्व किती उंचीवर नेलं ते सांगितलंच पाहिजे. सकाळी आले. "साहेब, गेज आहे का? दोनच मिनिटं." दिलं. मग "कॉम्प्रेसर आहे का?" दिला. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, त्याला काही वेळ चालवून मध्ये गार होऊ द्यावं लागतं, हेही सांगून दिला. गृहस्थांनी त्यावर आपले चार 35 इंची टायर भरले, मित्राचे भरले, आणि मित्राच्या मित्राचेही भरले. एका दमात. तासाभराने तो परत आला तेव्हा त्याला जळका वास येत होता आणि बटण दाबलं तर तो ढिम्म. वर गृहस्थ म्हणतात, "तुमचा कॉम्प्रेसर जरा कमजोर वाटतो हो." मी हसलो. शर्यतीत खेळाडूवृत्ती लागते.

जॅक तेवढा त्यांनी मागितला नाही. त्यांच्याकडे होता, गाडीबरोबर आलेला. गाडी उंच करून घेतलेली, स्प्रिंग बदललेल्या, टायर मोठे, आणि जॅक मात्र मूळचा कात्रीचा, मूळ उंचीचा. तो वाळूत ठेवला तर गाडी वर जात नाही, जॅक खाली जातो. त्याच्याखाली लाकडाची एक जाड फळी ठेवली तरी काम होतं, पण फळी आणायला डिकीत जागा कुठे असते, तिथे स्पीकर असतात. आणि हाय-लिफ्ट जॅक बंपरला लावून गाडी उचलायला गेलात तर आधी गाडीचं अंग वर जातं, सस्पेन्शन लोंबत राहतं, चाक जमिनीवरच. शिवाय दांडा सुटला तर जबड्यावर बसतो. घरी एकदा चाक बदलून बघितलं असतं तर हे सगळं कळलं असतं. पण सराव घरी करायचा आणि शर्यत स्टेजवर, अशी विभागणी कोणी सांगितली? दोन्ही स्टेजवरच करावं!

गाडीच्या तपासणीत हेल्मेटवरचा स्टिकर बघतात, बेल्टची तारीख बघतात. जॅक काढून एक चाक उचलून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. आयोजकांनाही माझा नमस्कार.

"अहो, वाळवंटातल्या डाकार रॅलीतसुद्धा टायर फुटतात," हे वाक्य पाठ करून ठेवावं, कुठेही उपयोगी पडतं. फुटतात ना. इतके फुटायचे की 2022 मध्ये तिथल्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या नव्या टी-वन-प्लस वर्गात 37 इंची टायर आणि सस्पेन्शनला जास्त हालचाल देऊन टाकली. पण तिथे टायर फुटला की दोघं उतरतात, कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि काही मिनिटांत गाडी निघते. तुमच्याकडे ड्रायव्हर पाना शोधतो आणि को-ड्रायव्हर शूटिंग करतो.

तर शेवटचा सल्ला, टायर गेल्यावर कुठे थांबावं. चढाच्या माथ्यापलीकडे थांबावं. अगदी माथा ओलांडला की लगेच, रेसिंग लाइनच्या, म्हणजे सगळ्या गाड्या जातात त्या वाटेच्या, मधोमध, कारण तिथे जमीन सपाट असते आणि जॅक लावायला बरं पडतं. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, म्हणजे लाज वाटायचं कारण नाही. आमच्या त्याच गृहस्थांनी हेच केलं. मी माथ्यावर आलो तेव्हा समोर गाडीची डिकी, डिकीमागे दोन माणसं वाकलेली, आणि त्यांचा कात्री जॅक वाळूत निम्मा गडप. को-ड्रायव्हर ओरडला, मी उजवीकडे दगडांत घातली. पुढच्या टायरची साइडवॉल वीतभर फाटली. माथ्याअलीकडचा मार्शल पोरगा, गाड्यांना इशारा देणारा, झेंडा घेऊन जीव खाऊन पळत वर येत होता, त्याला माथ्यापलीकडचं दिसणार कसं! धोक्याच्या इशाऱ्याचा त्रिकोण? त्रिकोण डिकीत होता. प्लॅस्टिकच्या वेष्टनात.

मी गाडी कडेला घेऊन चाक बदलत होतो, तेव्हा गृहस्थ चालत आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं झालं की जॅक द्या."

बास. आता उपरोध वगैरे पुरे.

अरे, आंतरराष्ट्रीय रॅलीचे नियम सांगतात की स्टेजवर थांबलेल्या गाडीच्या किमान 50 मीटर आधी त्रिकोण लावायचा. किमान! 72 किलोमीटरच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला 20 मीटर कापते. म्हणजे मागच्याला फक्त अडीच सेकंद मिळतात, तेही मातीवर, जिथे ब्रेक दाबला तरी चाक घसरतच राहतं. तू तेवढेही दिले नाहीस. तुझ्या गाडीमागे तुझा मित्र गुडघ्यावर बसला होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याला मी आलोय हे कळलंसुद्धा नाही.

रिम खराब होईल म्हणून तिथेच थांबलास ना? पंक्चर टायरवर चाळीस-पन्नास मीटर हळू चालवून कडेला गेलं तर रिमला ओरखडे पडतात. फार तर वाकेल. तसंच भरधाव दोन-तीन किलोमीटर पळवलं तर टायरच्या चिंध्या फडफडून ब्रेकचा पाइप तोडतात, तेही करू नकोस. पण मधोमध थांबायचं नाही म्हणजे नाही. रिम नवा मिळतो. रिमचे पैसे नसतील तर बघायला ये, पुढच्या वर्षी गाडी घेऊन ये.

आणि हौशी आहोत, शिकतोय, समजून घ्या, हे मला ऐकवू नकोस. मीही हौशीच आहे. तो मार्शलही हौशीच आहे, दिवसभर उन्हात फुकट उभा राहतो. हौशी असणं म्हणजे बिनतयारीचं असणं नव्हे. दोन आठवडे आधी अंगणात गाडी उभी कर, चाक काढ, बसव, परत काढ. जॅक पुरत नाही हे तिथे कळू दे. लॉक नटची चावी नाही हे तिथे कळू दे. त्रिकोणाचं वेष्टन फाडून तो सीटमागे ठेव, हात घातला की मिळेल असा, डिकीत स्पीकरखाली नको. को-ड्रायव्हरला सांग की गाडी थांबली की त्याचं पहिलं काम त्रिकोण घेऊन मागे पळणं, पाना शोधणं नव्हे आणि फोन काढणं तर नव्हेच.

आणि हो, जॅक मागायला आलास तर देईन. चाक एकट्याला झेपत नसेल तर उचलायलाही येईन. पण गाडी आधी लाइनबाहेर काढ. ती तिथे उभी असताना माझ्याशी बोलायला येऊ नकोस.