रिकामं पाकीट

काल रात्री एका प्रश्नचिन्हाने माझी लाज काढली. आणि तीही बायकोच्या मामांसमोर.

मेक म्हणजे फायलींतून प्रोग्राम बांधून देणारं साधन; त्याने काय करायचं ते मेकफाइलमध्ये लिहायचं. माझ्या मेकफाइलमध्ये साधी ओळ होती: आउट ?= बिल्ड. आउट हे तयार माल ठेवायच्या फोल्डरचं नाव. म्हणजे आउटला आधी कुणी काही दिलं नसेल तरच 'बिल्ड' धर. मी कुठेच काही दिलं नव्हतं. तरी मेक फोल्डर करायला थेट डिस्कच्या मुळाशी गेलं आणि परवानगी नाही म्हणून तोंडावर आपटलं. मग चार ओळींची वेगळी मेकफाइल करून एकेका चिन्हाची परीक्षा घेतली. `=` उजवी बाजू तशीच ठेवून देतं, लागेल तेव्हा उलगडतं; `:=` तिथल्या तिथे हिशेब मिटवतं. दोघांनी कंसात 'बिल्ड' छापलं. `?=` ने छापलं: [].

मामा पाणी प्यायला उठले होते. तांब्या हातात धरून मागे उभे राहिले.

"जावईबापू, हा कंस रिकामा का?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हणजे दिलंय की नाही एवढंच बघतो तो. आत काय आहे ते नाही बघत?"

"मामा, कुणी काही दिलेलंच नाहीये."

मामा खुर्ची ओढून बसले. "शालूच्या लग्नात आहेराच्या वहीवर मी होतो. एका पाकिटावर नाव हे एवढं ठळक. फोडलं तर आत हवा!"

"मग?"

"मग काय, वहीत नाव लिहिलं, पुढे शून्य. दिलंच नाही असं कसं म्हणणार? माणूस आला, पाकीट दिलं, दोनदा बासुंदी घेतली." त्या माणसाने पुढे बांधावरून कोणाशी भांडण काढलं, तेही ऐकलं. घड्याळात पावणेबारा. "तुमच्या यंत्रालाही कुणीतरी रिकामं पाकीट दिलेलं असणार."

"तसं नसतं हो मामा," मी हसून म्हणालो.

तसंच होतं. ते झोपल्यावर तासाभराने सापडलं. टीममध्ये आल्या दिवशी सगळ्यांना एक स्क्रिप्ट चालवायला लावतात. तिने माझ्या बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडलं की आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, आउट एक्स्पोर्ट करून ठेवला होता, म्हणजे तिथून चालवलेल्या मेकलाही तो दिसणार. बरोबरच्या चिन्हापुढे काहीही नाही. `=` आणि `:=` मेकफाइलमधून असल्या पाहुण्याला बाजूला सारतात, म्हणून ते पास झाले. `?=` पाकीट बघून गप्प बसतं. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, आणि त्यानेच जास्त चीड येते. शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांच्या भाषेत, `:-` लिहिलं की रिकामं आणि नसलेलं एकाच मापाने मोजता येतं. इथे त्यासाठी इफइक्यूचा, म्हणजे 'रिकामं असेल तर' अशा अटीचा, संसार मांडा. 1976 मध्ये स्टुअर्ट फेल्डमननी बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. त्यात आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू करावी लागते; हा जाच लगेच कळला होता, पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते, त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब राहिला. त्या डझनात आमच्याकडचं कुणी नव्हतं. आम्ही अजून टॅब मोजतोय.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला रात्रीच सविस्तर मेसेज टाकला, आठ ओळींचा. सकाळी उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा.

मामा समोर चहा पीत होते. त्यांना दाखवला नाही.