अडकलेले अंडे आणि एरंडेल: एक खुलासा
परसातल्या कोंबडीचे अंडे अडकल्यास तिला एरंडेल पाजून पोट दाबावे, असा सल्ला सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आतडे आणि अंडनलिका हे वेगळे मार्ग असून ते शेवटी, गुदद्वाराजवळच एकत्र येतात. त्यामुळे चोचीतून ओतलेले तेल अंड्यापर्यंत पोहोचत नाही, उलट श्वासनलिकेत शिरल्यास कोंबडी दगावू शकते. पोट दाबल्याने अंडे आतच फुटण्याचा धोका असतो. कोंबडीचा मागचा भाग १५-२० मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, पुसून, तिला उबदार, अंधाऱ्या जागी बसू द्यावे. काही तासांत अंडे न आल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे.