पिरॅमिडचा अभिमान आणि बाजारातली मावशी

२०२५ च्या जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता गुलाल उधळला जात होता, त्याआधी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही तेच, आणि मधेच कुणी पहिलीपासून हिंदीचा विषय काढला की भांडण ठरलेलं. मी इथे मेक्सिको सिटीत बसून वाचतो आणि खरं सांगू, मला त्यात हल्ली मेक्सिकोच दिसायला लागलाय.

हे शहर २२४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळपास ६०० मीटर उंच, पहिल्या महिन्यात दोन जिने चढले तरी धाप लागायची आणि तूरडाळ काही केल्या शिजायची नाही. आणि एवढ्या उंचीवर खाली काय तर तळं! स्पॅनिश यायच्या आधीच्या अ‍ॅझ्टेक लोकांनी १३२५ च्या सुमाराला तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान हे शहर वसवलं, १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते पाडून त्यावरच आपलं शहर उभं केलं, पुढे तळंच आटवलं. आता जमिनीतलं पाणी उपसून उपसून शहर खचतंय, जुन्या भागातल्या इमारती अशा कललेल्या दिसतात की बघणाऱ्यालाच चक्कर यावी.

अभिमान मात्र बघावा तर यांचा. झेंड्यावर निवडुंगावर बसलेला अ‍ॅझ्टेकांचा गरुड, मेट्रोच्या पिनो सुआरेस स्टेशनात खोदताना सापडलेलं छोटं देऊळ तिथेच ठेवलंय, रोज लोक त्याला वळसा घालून गाडी पकडतात. १९७८ मध्ये विजेच्या केबलसाठी खणताना देवीची मोठी शिळा लागली आणि मग खाली गाडलेलं अ‍ॅझ्टेकांचं मुख्य देऊळ उकरून काढायला भर शहरातल्या इमारती पाडल्या. आपल्याकडे झालं असतं का हे? मला शंकाच आहे.

पण आमच्या बाजारात शहराच्या दक्षिण टोकाच्या मिल्पा आल्ताहून एक मावशी निवडुंगाची पानं विकायला येते. डाव्या हातात पान, उजव्या हातात सुरी, खर्र खर्र काटे उडवत लेकीशी नाहुआत्लमध्ये बोलते, म्हणजे अ‍ॅझ्टेकांच्याच भाषेत, आणि गिऱ्हाईक आलं की आवाज खाली आणि स्पॅनिश चालू. एकदा मी विचारलं कुठली भाषा, तर म्हणाली, 'भाषा नाही हो, दिआलेक्तो', म्हणजे बोली. इथे सगळे असंच म्हणतात, थोडं नाक मुरडूनच. आणि टोमॅटो, चॉकलेट हे शब्द अख्ख्या जगाने याच 'बोली'तून उचललेत, आपल्या चिकूचंही मूळ इथलंच! बोलणारे अजून सोळा लाखांच्या वर आहेत.

माया या इथल्या दुसऱ्या प्राचीन लोकांचं तर विचारूच नका. आपल्याकडचे यूट्यूबवाले सांगतात माया लोक गूढपणे नाहीसे झाले. अरे, त्यांच्या मुलखात, मेक्सिकोच्या पूर्वेकडच्या युकातानला जाऊन बघा, चुनखडीचा सपाट प्रदेश, वर नदी नाही, सगळं पाणी जमिनीखाली, ते सेनोते नावाच्या खोल विवरांत दिसतं, आणि तिथे पोरं आजही माया भाषेत शिव्या देतायत. चिचेन इत्सा या मायांच्या जुन्या शहराच्या दारात हस्तकला विकतात ते कोण, मग? पर्यटक पिरॅमिडचा फोटो काढतात आणि त्यांच्याशी दहा पेसोंसाठी घासाघीस करतात.

हे सगळं ग्रुपवर लिहावं म्हणून परवा टाइप करायला घेतलं. तेवढ्यात आईचा फोन आला, तिच्याशी अर्धा तास मराठीत गप्पा मारल्या, फोन ठेवला आणि मुलाकडे वळून म्हणालो, 'कम ऑन, शूज घाल, वी आर लेट.' 'घाल' तेवढं मराठी निघालं. मेसेज तसाच ड्राफ्टमध्ये पडलाय.