डेन, डेम आणि आमचा कूलर

जर्मनमध्ये 'डेन' आणि 'डेम' हे नामाआधी लागणारे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला कर्मासाठी, दुसरा संप्रदानासाठी, म्हणजे ज्याला काही द्यायचं त्याच्यासाठी. मे महिन्यात विदर्भातल्या खेड्यात, कूलरच्या घरघरीत, दोन्ही सारखेच ऐकू येतात : 'डेंऽऽ'. पंधरा वर्षांच्या पोरीला घरी बसवून ऑनलाइन जर्मन शिकवण्यातली अर्धी डोकेदुखी या एका अनुनासिकात आहे, असं माझं ठाम मत झालंय.

कूलर बंद करा, असं सुचवणारे भेटतात. ते बहुधा पुण्याकडचे असतात. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद केला की आधी पोरगी तापते, मग मोबाइल तापतो आणि चार्जिंग घेणं थांबवतो. नुसती पाण्याची मोटर बंद करूनही भागत नाही, कारण घरघर पंख्याची असते. फक्त ताट्या सुकतात आणि गरम वारा येतो. त्यातल्या त्यात चालणारा उपाय असा : पोरीनं कूलरकडे पाठ करून बसायचं, तारेचा इअरफोन लावायचा आणि माइकच्या भोकावर सुती कापडाचा एक पदर गुंडाळायचा. वारा सरळ माइकवर आदळला की पलीकडच्या बाईंना आपण ट्रकच्या टपावर बसून बोलतोय असं वाटतं. ऐकण्याचा सराव मात्र पहाटे साडेपाचला, कूलर लागायच्या आत. हा उपाय शंभर टक्के चालतो. पंधरा वर्षांचं माणूस पहाटे साडेपाचला उठत नाही, एवढीच त्यात खोट.

वर्ग मात्र रात्रीचा. बाई जर्मनीत, त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले साडेआठ. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की तिकडे घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच वर्ग साडेनऊला भरतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेआठ. आपल्याकडे घड्याळही बदलत नाही आणि म्हैसही. पहिल्या वर्षी त्या सोमवारी घरोघरी पोरं रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसून राहतात. म्हणून हे दोन रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवावेत, एकादशीच्या शेजारी.

आता वीज. राउटर खातो बारा व्होल्ट, साधारण एक अँपिअर. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरीही बारा व्होल्टची, आठ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर खाणाऱ्याला आठ तास पुरणारी. हा योगायोग ज्याच्या लक्षात आला तो सुटला. पूर्ण उपसली तर बॅटरी लवकर मरते. अर्ध्यावर थांबायचं म्हटलं तरी चार तास निघतात, म्हणजे दोन वर्ग आणि मधला चहा. पण जोडताना पिनेचं आतलं टोक धन की ऋण, हे राउटरच्या बुडाशी छापलेल्या चित्रात बघायचं. उलटं लागलं की राउटर एकदाच 'टक्' म्हणतो आणि त्यानंतर काही म्हणत नाही. बॅटरी चार्जिंगला असताना राउटर त्याच तारांवर ठेवायचा नाही, तेव्हा व्होल्टेज चौदाच्या पुढे जातं. आणि राउटरवर लाल दिवा लुकलुकत असेल तर बंद-चालू, बंद-चालू करण्यात शक्ती घालवू नये. फायबरच्या तारेतून येणारा उजेडच पोचत नाहीये. तार कुठेतरी दुमडलीय, जेसीबीनं तोडलीय किंवा वानर तिला लोंबकळलंय. आमच्याकडे वानराची शक्यता आधी धरावी.

मोबाइलच्या डेटावर वर्ग करायचा तर दोन्हीकडचा व्हिडिओ चालू ठेवल्यास तासाला अर्धा जीबी ते एक जीबीच्या वर जातो. रोजचा दीड जीबी तिथेच संपतो आणि गणिताच्या वर्गाला नुसतं गोल फिरणारं चाक उरतं. येणारा व्हिडिओ बंद करता येतो, पण मग उच्चार शिकताना बाईंचे ओठ दिसत नाहीत. 'यू'वर दोन टिंबं असलेल्या अक्षरासाठी तोंडात 'ई' म्हणायचं आणि ओठ 'ऊ'चे करायचे, हे आवाजावरून समजत नाही. आजी मात्र ते बघून विचारते, "काहून वो, दात दुखते काय पोट्टीचा?"

लोकांचे प्रश्न हा सिलॅबसबाहेरचा विषय. "पोट्टीले शाळेतून काढलं म्हणे भाऊ, फी भराची रायली काय?" दहावी ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून करतेय, केंद्र सरकारचं मंडळ आहे, 1989 सालचं, हे सांगून पाहावं. चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, वीस टक्के गुण घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटला, परीक्षा वर्षातून दोनदा. इथवर लोक माना डोलावतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, हे मात्र चुकूनही सांगू नये. दुसऱ्या दिवशी गावात 'आठ वेळा नापास' असं पोचलेलं असतं.

खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपात सगळ्यात सोपी निघते ती जर्मनच. आपल्यासारखीच तिला तीन लिंगं. इंग्रजी शाळेतलं पोर 'डेर, डी, डास' बघून घाबरतं. आपण जन्मापासून तो, ती, ते करत आलोय. फक्त वाटप वेगळं. सूर्य तिकडे ती, चंद्र तो. चमचा तो, काटा ती, सुरी ते. मुलगी, म्हणजे 'मेडशेन', चक्क नपुंसकलिंगी, आणि आमच्या कन्येला हा स्वतःचा अपमान वाटतो. पण शेवटी 'शेन' हा लहानपणाचा प्रत्यय लागला की तिथे सगळंच 'ते' होतं. आपण काय वेगळं करतो? वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू. लहानग्याच्या नावाशेवटी 'रू' आला की ते. हे सांगितल्यावर अपमान कमी होत नाही, पण नियम पक्का होतो.

लिंग शब्दासोबतच पाठ करायचं. तो निळ्या पेनानं, ती लाल, ते हिरव्या. घरभर चिठ्ठ्या लावायच्या तर सेलोटेपनं लावाव्यात. नुसत्या डिंकाची चिठ्ठी कूलरच्या ओल्या वाऱ्यात सुटते आणि दारावरचं 'डी ट्यूर' पिठाच्या डब्यावर जाऊन बसतं.

आकड्यांत तर आजी घरातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. बावन्नला जर्मन म्हणतो 'दोन-आणि-पन्नास'. आधी एकक, मग दशक. आपल्या बावन्नचीही घडण तीच. 2019 साली दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' असं वाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. त्या पद्धतीत वाढलेल्या पोरांना जर्मनसाठी पुन्हा बावन्नकडे वळवावं लागतं. आजीला वळवावं लागत नाही.

जर्मन झेडसाठीही परदेशात जायला नको. 'चूक'मधला च काढायचा आणि साखरेला लावायचा : 'त्सुकर'. पण पुढे ए किंवा इ आली की आपली जीभ सवयीनं 'चिमणी'च्या च कडे घसरते आणि दहा म्हणजे 'त्सेन'ची सायकलची चेन होते. ही चूक मराठी माणसाची खास आहे, जर्मन बाईंना तिचं मूळ कळत नाही. ते घरच्यांनाच पकडावं लागतं.

राहिलं डेन-डेम. त्यात सगळा दोष कूलरचा नाही. 'मी कुत्र्याला बघतो', 'मी कुत्र्याला भाकर देतो' : आपण दोन्हीकडे 'ला' लावतो, वऱ्हाडात दोन्हीकडे 'ले'. जर्मन माणूस पहिल्याला 'डेन हुंड' म्हणतो, दुसऱ्याला 'डेम हुंड'. म्हणून आमच्याकडचा नियम : वाक्यात भाकर असेल तर डेम, नसेल तर डेन. भाकरीचा नियम काही महिने झकास चालतो. मग 'हेल्फेन', म्हणजे मदत करणे, येतं. त्याला भाकर नसतानाही डेमच लागतं. मग 'मिट' येतं, म्हणजे सोबत, तेही तसंच. तिथून पुढे पाठांतर.

हे सगळं पार पडलं की दहा ते सोळा वयाच्या पोरांसाठी असलेली ए-वनची, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा : ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. त्यासाठी रात्रभर प्रवास करून पुण्याला मॅक्स म्युलर भवन, ही परीक्षा घेणारी जर्मन संस्था. स्वतः मॅक्स म्युलर, जर्मन संस्कृतपंडित, आयुष्यात एकदाही भारतात आले नाहीत. सायणभाष्यासह ऋग्वेद त्यांनी 1849 ते 1874 या काळात इंग्लंडातच बसून छापला. घरी बसून परकी भाषा करणारे आमचे मूळपुरुष ते. वानर, जेसीबी आणि कूलर यांतलं काहीच त्यांना नव्हतं, हेही लक्षात घ्यावं.

जुलैत पाऊस लागतो, कूलरवर गोणपाट पडतं. खोलीत शांतता होते आणि डेन वेगळा, डेम वेगळा, लख्ख ऐकू येतो. त्याच आठवड्यात कपाशीवर तुडतुडे दिसतात आणि राउटरची बॅटरी फवारणीला जाते.