बसची दातखीळ

माणसाची दातखीळ बसली तर नाकाशी फोडलेला कांदा धरतात. बसची बसली तर काय धरायचं, हे आजीच्या बटव्यात नाही. माझ्या बसला ही व्याधी बहुधा हिवाळा सरता सरता जडते: दारासारखा उघडणारा तिचा पुढचा बंपर उघडतच नाही. सगळ्यांच्या गाड्या धुऊन-पुसून सहलीला निघतात, त्याच सुमाराला.

बस म्हणजे आपली एसटी नव्हे. अमेरिका-कॅनडात लांब पल्ल्याच्या चाळीस फुटी बसगाड्या आयुष्यभर धावून निवृत्त झाल्या की काही हौशी मंडळी त्या विकत घेतात, बाकं उपटतात, आत पलंग, ओटा, न्हाणीघर बसवतात आणि चाकांवरचा संसार थाटतात. विनिपेगची एमसीआय, क्युबेकची प्रेवो ही या जमातीतली कुलीन घराणी. माझी कोणत्या घराण्यातली ते सांगत नाही. दोष घराण्याचा नाहीच मुळी, पुढे तिच्या नशिबी आलेल्या मालकांचा आहे आणि त्या यादीत शेवटचं नाव माझं आहे.

अशा बऱ्याच गाड्यांत पुढचा बंपर नुसता बंपर नसतो, ते दार असतं. खालच्या कडेला बिजागऱ्या, वर डावी-उजवीकडे एकेक लॅच, म्हणजे जिभेने खिळा धरून ठेवणारी खिट्टी, आणि दोन्ही लॅचना जोडलेली केबल. हँडल ओढलं की बंपर पुढे झुकतो आणि मागची डिकी दिसते. मूळ योजनेनुसार ही जागा स्टेपनीची. (हा शब्द इथल्या मेकॅनिकपुढे उच्चारू नये. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 च्या सुमाराला जादा चाकांचा धंदा सुरू झाला. इंग्रज ते नाव आपल्याकडे ठेवून गेले, अमेरिकेत पोचवायचं विसरले.) पोलादी रिमसकट हे चाक भरतं 90 ते 100 किलो. रस्त्याच्या कडेला ते स्वतः बदलण्याचा हट्ट कमरेची फिकीर नसलेलाच धरेल, बाकीचे टायरवाल्याला बोलावतात. म्हणून बसचं घर झालं की स्टेपनी निघते आणि तिथे प्रपंच भरतो. पाण्याचा पाइप, अंगठ्याहून जाड 50 अँपिअरची वायर, बस समतल करायचे लाकडी ठोकळे, हत्यारांची पेटी. काही जण तिथे जनरेटरच बसवतात. आता संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर पोचल्याची कल्पना करा. विजेचा खांब हाताच्या अंतरावर, नळ पायाशी, आणि पोहरा कुलपात.

पहिली ऊर्मी पहारीची येते. ती गिळावी. बंपरवर बहुधा फायबरग्लासचं आवरण असतं आणि फायबरग्लास पहारीला दाद देत नाही, तुकडा देतो. पंधरा डॉलरच्या केबलपायी हजाराचं आवरण फोडणारे वीर आहेत. त्यांच्या बसच्या नाकावर चिकटपट्टी दिसते, आपण विषय काढायचा नाही.

त्यापेक्षा हँडलला विचारावं. ते खोटं बोलत नाही. ओढल्यावर भेंडीसारखं लुळं येत असेल, काही विरोधच नसेल, तर केबल तुटली आहे किंवा टोकाकडची गाठ निसटली आहे. हँडल जागचं हलतच नसेल तर एकतर तार कव्हरात गंजून बसली आहे किंवा लॅचची जीभ आपल्या खिळ्यावर गंजली आहे. आणि हँडल नेहमीसारखं चालतं, एका बाजूला ‘खट्’ होतं आणि दुसरी बाजू ढिम्म, असं असेल तर एकच लॅच सुटतोय. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण सुटलेल्या बाजूला बंपर बोटभर पुढे येतो आणि माणसाला वाटतं की आता थोडासाच जोर हवा. त्या थोड्याशा जोराने बंपरला पीळ पडतो आणि अडकलेली जीभ आणखी घट्ट धरते. सुटलेली बाजू परत आत दाबून दोन्हीकडे सारखा ताण आणायचा आणि मगच पुढचा विचार करायचा.

तारेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दहातले सात गुन्हे तिचे. ही सायकलच्या ब्रेकचीच केबल, जरा थोराड. बाहेर पोलादी वेटोळ्याचं कव्हर म्हणजे आऊटर, आत सरकणारी तार म्हणजे इनर. 1896 साली अर्नेस्ट बाउडन या माणसाने पेटंट घेतलं तेव्हापासून तिच्यात फारसा बदल झालेला नाही, आणि तिचं दुखणंही बदललेलं नाही. प्रत्येक वळणाला ती ओढीतला वाटा खाते. वळणं मिळून 180 अंशांची झाली आणि घर्षणांक 0.2 धरला, तर हाताने लावलेल्या 10 किलोंच्या जोरातले लॅचपर्यंत जेमतेम सव्वापाच पोचतात. आत गंज चढून तो 0.4 झाला की तीनसुद्धा नाहीत. म्हणजे हँडल ओढणारा घामाघूम आणि लॅचला वाटतं कुणीतरी दुरून हाक मारतंय. बंपर हा गाडीचा अगदी पुढचा भाग. बर्फ वितळवायला रस्त्यावर ओतलेलं मीठ तोच पहिल्यांदा झेलतो, खारं पाणी आऊटरच्या उघड्या तोंडातून आत झिरपतं आणि सखल वळणात मुक्काम ठोकतं. कडाक्याच्या थंडीत तिथलं पाणी गोठलेलं असू शकतं. अशा वेळी निदानाचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हेअर ड्रायर. दहा मिनिटं गरम हवा दिल्यावर हँडल हललं, तर रोग गंजाचा नसून बर्फाचा होता. ज्योत मात्र पेटवायची नाही. त्या पत्र्यामागे वायरिंग आहे, ब्रेकच्या हवेच्या नायलॉनच्या नळ्या आहेत आणि जनरेटर असेल तर डिझेलची नळीही आहे.

आता खरा मंत्र, आणि तो फुकट आहे. हँडल ओढताना दुसऱ्या माणसाने बंपर आत दाबायचा. ओढायचा नाही, दाबायचा. लॅचची जीभ खिळ्यावर ताणाखाली असते. पत्रा थंडीने आक्रसलेला असतो, आतलं सामान सरकून बंपरला टेकलेलं असतं. ताण सैल झाल्याशिवाय जीभ मागे जात नाही. लॅचच्या बरोबर समोर पाठ किंवा ढुंगण लावून, हिसका न देता, अंगाचं वजन टाकायचं. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात दोघांपैकी एक हँडलपाशी वाकलेला, दुसरी बंपरला टेकलेली, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही.

“अहो, ओढलंत का?”

“केव्हाचा ओढतोय! तू दाबतेयस ना?”

“तुम्ही सांगाल तेव्हा दाबणार ना!”

यावर उपाय म्हणजे तीन आकडे मोठ्याने मोजायचे, आणि तीनवर दाबायचं की तीननंतर, हे आधी ठरवायचं. चांगले नांदते संसार या एका मुद्द्यावर डळमळलेले मी पाहिले आहेत.

तरी उघडला नाही तर तेल. बहुतेकांच्या घरी निळा-पिवळा डबा असतो आणि त्यावर भाबडी श्रद्धाही असते. डब्ल्यूडी-40 या नावातच लिहिलंय, पाणी हटवणारं, चाळीसावा प्रयोग. 1953 साली सॅन दिएगोत ते बनलं गंज रोखायला, गंज सोडवायला नव्हे. बर्फाच्या पाण्यावर ते ठीक आहे, जुन्या गंजासाठी खास झिरपणारं तेल आणावं. तेल नुसतं फवारून भागत नाही. लांब नळी लावून लॅचच्या खिळ्यावर आणि केबलच्या दोन्ही तोंडांत सोडायचं, मग लॅचच्या अंगावर लहान हातोडीने हलके पंचवीस-तीस ठोके द्यायचे. ठोक्याने गंजात भेगा पडतात आणि तेल त्या वाटेने आत शिरतं. मग थांबायचं. रात्रभर. सकाळी पुन्हा. हा भाग कुणालाच जमत नाही. आठ तासांच्या थांबण्याऐवजी माणूस आठ मिनिटांनी हँडल तोडतो.

तेल नेमकं कुठे सोडायचं हे कळायला लॅच दिसायला हवा आणि तो बंद दारामागे आहे. वाटा तरीही असतात. फॉग लॅम्प काढला की हात जाण्याएवढं भोक मिळतं, डिकीच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, काही गाड्यांत ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलता येते. वीस-पंचवीस डॉलरचा फोनला जोडायचा कॅमेरा तिथून आत सोडावा. केबलचं टोक दिसलं तर ग्रिप पक्कड लावून तार ज्या दिशेने येते त्याच दिशेने ओढायची, आडवी ओढली तर आऊटरच्या कडेवर धागे तुटतात. जीभ दिसली तर 6 मिमीच्या सळईला टोकाशी आकडा करून तिलाच मागे खेचायचं.

यातलं बरंचसं बसखाली आडवं होऊन करावं लागतं, म्हणून इथे थट्टा थांबवतो. या गाड्या हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात. हवा गेली तर ब्रेक आपोआप लागतो, चाकं हलत नाहीत, आणि त्यामुळेच माणसाला खोटा धीर येतो. हवा गेल्यावर बस पळत नाही, बस बसते. फुगा फाटला किंवा नळी सुटली तर दहा-बारा टनांचं धूड क्षणात खाली येतं आणि खाली माणूस मावेल एवढी जागा उरत नाही. यात माणसं मेली आहेत. चाकांना उटी, म्हणजे पाचरी, लावायच्या, गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी पुरेशा क्षमतेचे पोलादी स्टँड किंवा सागवानासारख्या टणक लाकडाचे ठोकळे द्यायचे आणि मगच डोकं खाली घालायचं. सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरायचे नाहीत, ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम चुरा होतात. आणि बंपरलाही रॅचेटचा पट्टा बांधून ठेवायचा. त्याला पेलणारे गॅसचे दांडे जुने असतात, लॅच सुटला की अख्खा बंपर नडगीवर येतो.

सगळे उपाय हरले की ड्रिल. याला मी पराभव मानत नाही, शस्त्रक्रिया मानतो. दोन्ही लॅच बंपरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे सुटलेल्या बाजूची मापं घेऊन अडकलेल्या बाजूला 10 मिमीचं एक भोक पाडायचं आणि तिथून सळई घालून जीभ सोडवायची. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खोली आधी ठरवायची, नाहीतर पत्रा संपल्याचं कळतं तेव्हा पाण्याचा पाइपही संपलेला असतो. काम झालं की भोकाला रबरी बूच.

आणि मग कधीतरी तो क्षण येतो. ‘खट्’, दुसरी ‘खट्’, बंपर कण्हत पुढे झुकतो. आनंदाच्या भरात माणसाला एकच गोष्ट सुचते. बघू बरं, आता नीट चालतो का, म्हणून तो बंपर पुन्हा लावतो. इथपासून लेख पहिल्यापासून वाचावा.

बंपर उघडाच ठेवायचा. स्क्रू ड्रायव्हरने लॅचची जीभ दाबून ‘बंद’ करायची, हँडल ओढायचं, सुटते का पाहायचं. दोन्ही लॅचवर दहा-दहा वेळा. दहापैकी एकदा जरी अडखळली तरी ती नापास. लॅच काढून केरोसीनमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासायचा, स्प्रिंगमध्ये दम आहे का बघायचं. केबल बदलायचीच आहे असं धरून चालावं. आऊटरची लांबी, दोन्ही टोकांना बाहेर दिसणारी तार आणि जिभेचा पूर्ण प्रवास ही तीन मापं घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये. सायकलच्या ब्रेकची दीड मिलिमीटरची तार तात्पुरती चालते, कायमसाठी अडीच ते तीन मिलिमीटरची स्टेनलेस घ्यावी, आऊटर टेफ्लॉनच्या अस्तराचं. त्यात ग्रीस भरायचं नाही, थंडीत ग्रीस म्हणजे मेण. तार कापण्याआधी त्या जागी सोल्डरचा डाग द्यायचा, नाहीतर टोकाची केरसुणी होते. बसवताना इनरला दोन-तीन मिलिमीटर ढील सोडायची. ढील न सोडता ताणून बांधली तर जीभ अर्धवट उघडी राहते आणि ताशी 65 मैलांवर बंपर रस्त्याला नमस्कार घालतो.

बिजागऱ्यांना ग्रीसचं निपल आहे का ते शोधावं. असतं. आधीच्या एखाद्या मालकाने त्यावर सुंदर रंग मारलेला असतो. रबरी बीडिंगही मापून पाहावं. डिकीत पाणी येतं म्हणून कुणीतरी 12 मिमीच्या जागी 20 मिमीचं ठासलेलं असलं, तर बाकी सगळं नवं घालूनही लॅच जन्मभर ताणाखालीच राहणार. योग्य जाडीचं घालावं, रबराला सिलिकॉनचा हात द्यावा. खिळ्याची जागा पुढे-मागे करायची झाली तर आधी मार्करने रेघ मारून ठेवायची. ‘लक्षात राहील’ हे वाक्य गॅरेजमध्ये उच्चारू नये.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते कारखान्यानेच का केलं नाही हे मला कळलेलं नाही. प्रत्येक लॅचच्या जिभेला स्टेनलेसची एकेक स्वतंत्र तार बांधायची, हँडलशी तिचा काही संबंध नको. ती पुढच्या चाकाच्या खळग्यात आणून, टोकाला बोट जाईल एवढी कडी करून, दिसणार नाही अशी अडकवायची. पुढच्या वेळी केबल गेली की कडी ओढायची, बंपर दाबायचा, एवढंच. कडी नेमकी कुठे अडकवली आहे त्याचा नकाशा काढून ठेवावा. माझ्या आधीच्या मालकाने काढला होता, डावी-उजवी बाजू दाखवून, वर प्लास्टिक चढवून. बंपरमागच्या डिकीत, आतल्या अंगाला चिकटवलेला सापडला.