अठरा सेकंदांची शांतता: देवगडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिगुर रोस या आइसलंडच्या बँडच्या 'वॉन' या पहिल्या अल्बमवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर देवगडचे हे निवृत्त मास्तर म्हणतात की बहात्तर मिनिटांत काही घडतच नाही. गायक म्हणजे माडावर अडकलेलं मांजर. मध्येच आवाज बंद झाला तेव्हा त्यांनी मोबाइल तळहातावर आपटून पाहिला. आणि कुणी विकत घेतलं नाही म्हणून एखादी गोष्ट थोर ठरवायची ही आमच्या पिढीची खोड. शेवटी सल्ला: "वेंगुर्ल्यात राहतोस ना? मग दशावतारावर लिही."

आधी माझ्या चुका. त्या लेखात मी क्यार्तन स्वेन्सनच्या वाजवण्याचं कौतुक केलं होतं. तो बँडमध्ये आला १९९८ साली, आणि 'वॉन' आहे १९९७चा. तेव्हा तिघंच होते: गिटार आणि गळा योन्सीचा, बास गेओर्ग होल्मचा, ड्रम आउगुस्तचे. मी नसलेल्या माणसाची पाठ थोपटली. "हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम" हे वाक्यही मागे घेतो, ते लिहिताना जरा जास्तच वारं लागलं होतं. १९९९चा 'आउगाइतिस बिर्युन' सरस आहे. त्या नावाचा अर्थ होतो 'बरी सुरुवात'. दुसऱ्या अल्बमचं नाव बरी सुरुवात! म्हणजे पहिला त्यांनी स्वतःच हिशेबात धरला नाही, असं तुम्ही म्हणाल.

पण मग २००७ साली त्यांनी 'ह्वार्फ-हेइम' काढला, त्यात पहिल्या अल्बममधलं 'वॉन' हे गाणं दोनदा आहे, एकदा विजेच्या वाद्यांवर आणि एकदा साध्या वाद्यांवर. शिवाय त्याच अल्बममधलं 'हाफसोल'ही नव्याने वाजवलंय. टाकाऊ पोराला दहा वर्षांनी कुणी नवे कपडे शिवत नाही.

आता खपाचं. पहिल्या वर्षी आइसलंडमध्ये या अल्बमच्या ३१३ प्रती गेल्या, हा आकडा मीच दिला होता आणि तुम्ही तो माझ्यावरच फेकलात. मात्र त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास होती. आपला सिंधुदुर्ग जिल्हा २०११च्या जनगणनेत साडेआठ लाखांचा, म्हणजे तिप्पट. त्या मापाने आपल्या जिल्ह्यात हजारेक प्रती खपल्यासारखं झालं. आपल्याकडे कवितासंग्रहाच्या हजार प्रती गेल्या तर कवी वेंगुर्ल्यापासून वैभववाडीपर्यंत पेढे वाटत जाईल. तरी दुर्लक्ष झालं हे खरंच, देशाबाहेर तो नीट पोचायला २००४ उजाडलं. तोवर बँडचं नाव झालं होतं, त्यामुळे ऐकणारे उलट्या वाटेने आले, आधी दुसरा अल्बम आणि मग पहिला. तुम्हीही तसेच आलात. उलटं आलं की पहिला अल्बम कच्चा मसुदा वाटतो, यात तुमचा दोष नाही.

मांजराबद्दल भांडणार नाही. पहिल्या दहाएक मिनिटांत घरघर, किंकाळ्या, लांबून काहीतरी ओढत नेल्यासारखे आवाज आहेत. आमच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "कोण रडता रे?" शब्द कळत नाहीत हीही तक्रार आहे तुमची. 'वॉन' म्हणजे आशा, आणि त्या गाण्याचे शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. योन्सीच्या या निरर्थक बोलांना नावच पुढे त्या गाण्यावरून पडलं, वोनलेन्स्का. तुम्ही भीमसेनांचे भक्त, तराण्याचा अर्थ कधी विचारलात का?

खरा मुद्दा मोबाइल आपटण्याचा. तो बिघडला नव्हता. पाचव्या गाण्याचं नाव 'मिर्कुर', म्हणजे काळोख. (नाव काळोख, पण अल्बममधलं सगळ्यात धावतं गाणं तेच.) सातवं 'हाफसोल', म्हणजे समुद्रसूर्य. या दोहोंच्या मध्ये सहाव्या क्रमांकावर अठरा सेकंदांची कोरी शांतता आहे आणि तिचं नाव 'सूर्योदयापूर्वीचे अठरा सेकंद'. काळोख, थांबणं, मग समुद्रातून सूर्य. आपल्याला हे जरा वाकडं जातं, कारण आपला सूर्य सह्याद्रीमागून उगवतो आणि समुद्रात फक्त बुडतो. मी बरीच वर्षं 'हाफसोल' संध्याकाळचं गाणं म्हणून ऐकत होतो. आणि शेवटचं 'रुक्रिम'? 'मिर्कुर' हा शब्द उलटा लिहिलाय. आधी काही मिनिटं काहीच नाही, मग काळोखाचाच तुकडा उलटा वाजतो. पोरं विशी-बाविशीतली होती, थोडी आगाऊही. पण "काहीच घडत नाही" हे पटत नाही, काका. घडतं ते दोन गाण्यांच्या मधल्या जागेत, आणि तुम्ही तेवढ्यात फोन आपटत होतात.

मलाही हे आपोआप कळलेलं नाही. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं, आमच्या वाडीत चार दिवस लाईट नव्हती. दुसऱ्या रात्री वारा पडला. कौलं उडालेल्या कोपऱ्यात ताडपत्री फडफडत होती, फोनमध्ये थोडं चार्जिंग उरलं होतं आणि हाच अल्बम उतरवून ठेवलेला होता. त्या अठरा सेकंदांत ताडपत्री, बेडूक आणि लांब गाज, एवढंच ऐकू आलं. मग 'हाफसोल'चा बास सुरू झाला. कुठे शांतता संपली आणि कुठे गाणं सुरू झालं, ते मला सांगता येईना.

राहिला दशावतार, आपल्या कोकणातल्या जत्रांमधलं लोकनाट्य. तुम्ही म्हणता त्यावर लिही, तर त्याचाच दाखला देतो. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग संकासुराची मालवणी थट्टा आणि विष्णूच्या हातून त्याचा वध. आख्यान, म्हणजे मुख्य नाटक, त्यानंतर. हल्ली लोक येतात ते थेट आख्यानाला, राजा येऊन डोळे वटारतो तेव्हा. तोवर पेटी, पखवाज आणि झांज रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेली असतात. तुम्हीच एका जुन्या प्रतिक्रियेत यावर तावातावाने लिहिलं होतंत, "ज्याने संकासूर पाहिला नाही त्याने दशावतार पाहिला नाही." 'वॉन' हा या बँडचा आडदशावतार आहे. आख्यानाइतका रंगत नाही, कबूल. थोडा लांबतो, तेही कबूल. पण तुमच्यासारख्या माणसाने तिथेच उठून जावं याचं वाईट वाटलं.

पुन्हा पूर्ण अल्बम ऐका असं म्हणणार नाही. पाच, सहा, सात, ही तीनच ओळीने लावा. हेडफोन नसेल तर नातीचा घ्या.

आणि यंदा तुमच्या गावच्या जत्रेला आडदशावतार नक्की किती वाजता उभा राहतो ते कळवा. गेल्या वर्षी मी पोचलो तेव्हा संकासूर मरून गेला होता.